पाठलागाचे चित्रण : हिम-नांगराची गाडी आणि पनवेलचा पावसाळा

मुंबईत चलच्चित्रांचा पहिला प्रयोग ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. ल्युमिएर बंधूंची जी सहा लघुचित्रे त्या दिवशी दाखविण्यात आली, त्यांत स्थानकात येणाऱ्या आगगाडीचे एक चित्र होते. ज्या शहरातून त्रेचाळीस वर्षांपूर्वी, १६ एप्रिल १८५३ रोजी, प्रवाशांची पहिली गाडी ठाण्याकडे निघाली होती, त्या शहरात चित्रपटानेही आगगाडीबरोबरच पाऊल टाकावे हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. पॅरिसमधील प्रेक्षक ही गाडी पाहून घाबरून पळत सुटले अशी जी कथा सांगितली जाते, ती आख्यायिकाच असावी असे आता अभ्यासक मानू लागले आहेत. तथापि आख्यायिका खोटी असली तरी ती निर्माण का झाली हा प्रश्न उरतोच. पडद्यावरील वस्तू आपल्या अंगावर येते आहे, ही भीतियुक्त मौज त्या नव्या माध्यमाच्या स्वभावातच होती, आणि त्या मौजेला गाडीसारखे दुसरे सोयीचे पात्र नव्हते.

त्या चित्रात कॅमेरा उभा आहे आणि गाडी येते आहे. पुढे लवकरच कॅमेरा इंजिनाच्या तोंडावर जाऊन बसला आणि बोगदे, पूल, वळणे प्रेक्षकाच्या डोळ्यांत शिरू लागली. गाडीकडे पाहण्याची तिसरी रीत मात्र पुष्कळ उशिरा, हातात धरण्याजोगा कॅमेरा आणि स्वतःची मोटार या दोन गोष्टी सामान्य माणसाच्या आटोक्यात आल्यानंतर, रूढ झाली. ही रीत पाठलागाची. गाडी रुळावरून जाते, चित्रणकार समांतर रस्त्याने मोटारीतून धावतो, तिला मागे टाकून पुढल्या फाटकाशी उतरतो, कॅमेरा रोखतो, गाडी निघून गेली की पुन्हा मोटारीत बसतो, आणि असे दिवसभर चालते. या रीतीचा सर्वांत लोकप्रिय विषय म्हणजे उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यात रुळांवरचे बर्फ दूर सारीत जाणारी हिम-नांगराची गाडी. कॅनडातील न्यू ब्रन्सविकसारख्या प्रांतांत अशा गाड्यांची हौशी चित्रणे मोठ्या संख्येने झालेली आहेत. विषय आपल्याकडचा नसला तरी त्याची चर्चा येथे अप्रस्तुत नाही. पनवेल, आपटा, कर्जत या टापूत पावसाळ्यात गाड्यांचा पाठलाग करणारे हौशी चित्रणकार जी रीत वापरतात, ती मूळची याच हिवाळी चित्रणात घडलेली आहे, आणि उसन्या रीतीबरोबर उसने काय आले आणि मूळचे काय मागे राहिले, हे तपासून पाहणे समीक्षेचे काम आहे.

प्रथम मूळ विषयाचे स्वरूप पाहू. हिम-नांगर म्हणजे इंजिनाच्या पुढे जोडलेले पाचरीच्या आकाराचे पोलादी वाहन. मागून इंजिने त्याला रेटतात आणि पाचर बर्फ फोडून दोहो बाजूंस फेकते. त्याच्या कुशीला पंखांसारखी पाती असतात. ती उघडली म्हणजे रुळांपलीकडील बर्फही ढकलले जाते. परंतु फाटक, पूल किंवा सांधा आला की पंख मिटावे लागतात आणि रुळांमधले पाते उचलावे लागते, नाहीतर लाकूड-लोखंड उखडून नांगरच घसरावयाचा. कोठे पाते उचलायचे हे दाखविणाऱ्या पाट्या मार्गालगत लावलेल्या असतात आणि नांगराच्या खोलीत बसलेला माणूस त्या पाट्यांवर डोळा ठेवून दांड्या ओढीत असतो. दुसरा प्रकार फिरत्या नांगराचा. त्याचे प्रचंड चक्र बर्फ कापून दूर भिरकावते. अमेरिकेतील डॉनर खिंडीसारख्या ठिकाणी, जेथे जानेवारी १९५२ मध्ये दोनशेहून अधिक माणसांना घेऊन निघालेली एक प्रवासी गाडी काही दिवस बर्फात रुतून राहिली होती, तेथे पाचरीचा नांगर पुरेसा पडत नाही तेव्हा हा बाहेर काढला जातो.

आता अशा गाडीच्या चित्रणात पाहणाऱ्याला नेमके काय मोहविते? गाडी तर रोजचीच असते. वेग म्हणावा तर नांगराची गाडी काही फार वेगाने जात नाही. उत्तर असे की, येथे चित्रणाचा खरा विषय गाडी नसून प्रतिकार हा आहे. एरवी रुळावरून जाणारी गाडी इतकी निर्वेध असते की तिची शक्ती डोळ्यांना दिसतच नाही. ती दिसावयास काहीतरी आडवे यावे लागते. बर्फाचा ढिगारा आडवा येतो, पाचर त्यात शिरते, क्षणभर सारे पांढरे होते आणि त्या पांढऱ्यातून काळे तोंड बाहेर येते. जाणता चित्रणकार म्हणूनच फाटकाजवळ उभा राहतो, कारण रस्त्यावरचे साफ केलेले बर्फ आणि वाऱ्याने आणलेले बर्फ तेथे साचून घट्ट झालेले असते. (रस्ता साफ करणारा नांगर आधी येऊन गेलेला नसता तर चित्रणकाराची मोटार तेथे पोहोचलीच नसती, ही गोष्ट तो सहसा विसरतो.) बर्फाची ढेकळे कॅमेऱ्यावर येऊन आदळतात आणि चित्र थरथरते. ही थरथर संकलनात काढून टाकावी असे कोणालाच वाटत नाही, कारण प्रतिकाराचा तोच पुरावा होय.

या विषयावर दोन ब्रिटिश अनुबोधपट असे आहेत की ज्यांची तुलना केल्याशिवाय हौशी चित्रणाचे मोल ठरविता येणार नाही. दोन्ही एकाच संस्थेचे, ब्रिटिश ट्रान्सपोर्ट फिल्म्सचे, आहेत. पहिला ‘स्नोड्रिफ्ट ॲट ब्लीथ गिल’. फेब्रुवारी १९५५ मध्ये इंग्लंडच्या उत्तरेकडील पेनाईन डोंगरातल्या स्टेनमोर मार्गावर एक मालगाडी बर्फात अडकली. तिला सोडविणाऱ्या माणसांची ही साधी हकीकत आहे. नांगर येतात, पण ते एकटे पुरे पडत नाहीत आणि शेवटी फावडी घेतलेली माणसेच इंजिनाभोवतीचे गोठलेले बर्फ खणून काढतात. चित्रपटाला कथानक म्हणावे असे एवढेच आहे. त्याची गती माणसाच्या हाताची गती आहे. फावडे भरते, उचलले जाते, रिकामे होते, आणि पुन्हा भरते. (ते ७८०१८ क्रमांकाचे इंजिन आजही जतन केलेले आहे. ज्या मार्गावर ते अडकले तो मात्र १९६२ साली बंद झाला.)

दुसरा जेफ्री जोन्सचा ‘स्नो’, १९६३. १९६२–६३ चा ब्रिटनमधील हिवाळा असाधारण कडक होता आणि जोन्सने त्याच हिवाळ्यात चित्रण केले. जेमतेम आठ मिनिटांच्या या चित्रपटात निवेदनाचा एक शब्द नाही. सँडी नेल्सनची एक ढोलाची चाल जॉनी हॉक्सवर्थने नव्याने वाजविली, डॅफ्ने ओरॅमने तिच्यावर विद्युत्संस्कार केले, आणि संथ सुरुवातीपासून वाढत जाणाऱ्या त्या लयीवर जोन्सने चाके, नांगर, फावडी, खिडकीबाहेरची पांढरी शेते आणि भोजनयानातले उबदार प्रवासी यांचे चित्रखंड ओवले. या चित्रपटाला ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले आणि संकलनाचा धडा म्हणून तो पुढेही दाखविला जात राहिला.

मराठी वाचकाला येथे बा. सी. मर्ढेकरांची आठवण व्हावी हे साहजिक आहे. कलाकृतीतील संवेदनांची रचना संवाद, विरोध आणि समतोल या तीन लयतत्त्वांनी घडते, हा मर्ढेकरांचा सिद्धान्त साहित्यापेक्षाही चित्रपटाच्या संकलनाला अधिक सहजपणे लागू पडतो, असे म्हणावयास हरकत नाही. ‘स्नो’मध्ये चाकाचा फेरा आणि ढोलाचा ठोका यांचा संवाद आहे. आतली ऊब आणि बाहेरची थंडी, प्रवाशाचा विसावा आणि मजुराचे कष्ट, यांचा विरोध आहे. वाढत्या वेगाला शेवटी मिळणारा समतोलही आहे. मर्ढेकरांची कसोटी लावली तर ‘स्नो’ हा निःसंशय श्रेष्ठ चित्रपट ठरतो आणि ‘ब्लीथ गिल’ ही एक चांगली बातमी ठरते.

परंतु हा निर्णय तसाच स्वीकारता येणार नाही. ‘स्नो’मधील फावडे मारणारा माणूस लयीचा एक ठोका आहे. तो दोन-तीन क्षण दिसतो आणि पुढल्या ठोक्याला जागा देऊन निघून जातो. तो थकला का, त्याचे हात बधिर झाले का, हे विचारण्यास लय फुरसत देत नाही. भोजनयानातील प्रवासी व बाहेरचा मजूर हा विरोध रचनेच्या पातळीवर सुंदर आहे, पण सुंदर आहे म्हणूनच तो विरोध डाचत नाही. ‘ब्लीथ गिल’मध्ये असे सौंदर्य नाही. तेथे वेळ लागतो. वेळ लागणे हीच त्या चित्रपटाची सामग्री आहे, आणि एक डबा मोकळा होण्यास किती माणसे किती काळ वाकली हे प्रेक्षकाला आपल्या पाठीत जाणवते. लयीच्या सिद्धान्ताला हा अनुभव मोजता येत नाही, यावरून अनुभव गौण ठरत नाही. सिद्धान्ताच्या मापाची मर्यादा मात्र ठरते. पाठलाग करणाऱ्या हौशी चित्रणाचा दोष याच्याही पुढचा आहे. त्यात ना जोन्सची लय असते, ना ब्लीथ गिलचा वेळ. नांगराच्या खोलीत बसून पाट्या पाहत दांड्या ओढणारा माणूस तर कधीच दिसत नाही.

आता पनवेल. भारतात खऱ्या अर्थाने बर्फातली रेल्वे पाहावयाची तर काश्मीर खोऱ्यात जावे लागते. तेथील मार्गाचा पहिला टप्पा २००८ साली सुरू झाला, बनिहालचा बोगदा २०१३ साली आणि चिनाबवरील पूल ६ जून २०२५ रोजी खुला झाला. तेथल्या डिझेल गाड्यांच्या तोंडाला बर्फ कापणारी जाळी असे. पनवेलला हिवाळा म्हणजे पहाटेचे धुके, एवढेच. परंतु पनवेलला पावसाळा आहे, आणि कोकणच्या मार्गावर बर्फाचे काम पाऊस करतो. दिव्याहून पनवेलपर्यंत रूळ १९६४ साली आले, पुढे ते आपट्यापर्यंत व १९८६ साली रोह्यापर्यंत गेले. रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द लागते, आणि तिच्यावरून सलग वाहतूक १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली. म्हणजे पनवेल हे कोकणच्या गाड्यांचे दार आहे. हौशी चित्रणकाराच्या दृष्टीने पाहता येथे एक भौगोलिक चमत्कार आहे. गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्प्यावरून कर्नाळ्याच्या खिंडीत शिरतो, तर रूळ सोमाटणे, रसायनी, आपटा असा पाताळगंगेच्या बाजूने वळसा घेतात आणि जिते-हमरापूरच्या आसपास पुन्हा रस्त्याच्या सोबतीला येतात. तेव्हा पनवेलहून पाठलाग करणाऱ्याला गाडी मध्येच सोडून द्यावी लागते. उत्तर अमेरिकेतील मैदानी रस्त्याप्रमाणे ती सतत डोळ्यांसमोर राहत नाही.

आणि ज्या वळशावर ती सुटते त्याच वळशावर आपटे स्थानक आहे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या आदित्य चोप्रा यांच्या चित्रपटाचा शेवटचा प्रसंग याच स्थानकावर चित्रित झाला. कथेत ते पंजाबातील स्थानक आहे. बाप मुलीचा हात सोडतो, ती सुटलेल्या गाडीमागे धावते आणि दारात उभ्या असलेल्या नायकाचा हात गाठते. हाही पाठलागच आहे, पण येथे पाठलाग करणारी व्यक्ती चौकटीच्या आत आहे, बाहेर नाही. सगळा प्रसंग गाडीच्या संथपणावर उभा आहे. गाडी खरोखर वेगाने सुटली असती तर चित्रपटच संपला असता. ‘पथेर पांचाली’त (१९५५) अपू गाडीकडे धावतो तेव्हा कॅमेरा रुळांच्या पलीकडे जातो आणि गाडी मुलाच्या व आपल्या मध्ये येते. दोन्ही ठिकाणी गाडीचे मोल तिच्याकडे धावणाऱ्या माणसावरून ठरते. आपट्याच्या फलाटावर आजही लोक त्या प्रसंगाची आठवण काढीत उभे राहतात. पंजाब म्हणून पाहिलेली ती जागा पनवेल तालुक्यातली आहे, हे त्यांतल्या पुष्कळांना तेथे आल्यावरच कळते.

हौशी पावसाळी चित्रणात मात्र माणूस नाही. त्याची ठरावीक घडण अशी: ढग, हिरवा डोंगर, दूरचा भोंगा, वळणावर दिव्यांचे ठिपके, पाण्याचे तुषार उडवीत स्थानक ओलांडणारी गाडी, आणि मग रिकामे रूळ. तुषारांचा हा क्षण म्हणजे हिम-नांगराच्या पांढऱ्या स्फोटाचे भाषांतर आहे, आणि तो भाषांतराप्रमाणेच फसतो. बर्फ गाडीला अडवीत होते. रुळांवरचे हे पाणी तिला अडवीत नाही. ते केवळ अलंकार आहे. प्रतिकार निघून गेला आणि त्याचा फक्त आकार उरला. कोकणच्या पावसाळ्यात प्रतिकार नाही असे मात्र नव्हे. तो दिसत नाही एवढेच. तो कापलेल्या डोंगराच्या पोटात आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीमुळे सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि पन्नासच्या आसपास माणसे दगावली. पुढल्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, मत्स्यगंधा एक्स्प्रेस करंजाडीजवळ दगडांमुळे घसरून पुलावरून कोसळली. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या बसल्या, उतार कमी केले गेले, नद्यांवर पुराची सूचना देणारी यंत्रे आली, पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक ठरले आणि मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाल्यास ताशी ४० किलोमीटरवर यावे असा चालकांना निर्देश झाला. दरवर्षी पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसे या मार्गावर गस्त घालतात.

कोकणातला हिम-नांगर कोणता, तर हा गस्तवाला. नांगर आपल्या देहाने अडथळा फोडतो. गस्तवाला अडथळा येण्यापूर्वी त्याला शोधतो आणि सापडल्यास गाडी थांबवितो. त्याचे यश म्हणजे काही न घडणे, आणि न घडलेल्या गोष्टीचे चित्रण पाठलागाच्या रीतीला साधत नाही. कॅमेरा मोटारीतून धावतो आणि विजेरी घेतलेला माणूस पायी चालतो. दोघांच्या वेगांचे जुळत नाही. पाठलागाची रीत परदेशातून घेण्यात दोष नाही. कादंबरी आणि लघुकथा आपण अशाच घेतल्या. दोष एवढाच की रीत घेताना ती ज्या अडचणीतून जन्मली ती अडचण आपल्या भूमीवर कोठे आहे, याचा शोध घेतला गेला नाही.

याला एक मोठा अपवाद पनवेलपासून फार दूर नाही. कर्जतला गाडी पोहोचली की पुण्याकडील चढासाठी बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून बँकर इंजिने जोडतात. १८६३ साली खुल्या झालेल्या बोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे. ठाकूरवाडी, मंकी हिल या भागांतील चित्रणे पाहावीत. तेथे चढ दिसतो, पुढच्या व मागच्या इंजिनांचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो, आणि गाडी माणसाच्या पावलाशी नाते सांगण्याइतकी संथ होते. पाऊस येथेही आहे, पण तो अलंकार म्हणून नसून चाक घसरण्याची धास्ती म्हणून आहे. हौशी चित्रणातील जे थोडे उत्कृष्ट आहे ते बहुतांशी या घाटातले आहे, आणि त्याचे कारण चित्रणकाराच्या कौशल्याइतकेच त्या चढाचे आहे.

दुसरी गोष्ट दस्तऐवजाची. कोकण रेल्वेचे संपूर्ण विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले. त्यापूर्वीची डिझेल इंजिने, चढावर त्यांचा काळा धूर, तारांवाचून मोकळे दिसणारे आकाश, कोलाड येथून सपाट वाघिणींवर मालमोटारी व त्यांचे चालक घेऊन १९९९ पासून सुटणारी गाडी, हे सारे ज्यांनी केवळ हौसेने टिपून ठेवले त्यांच्या फिती आज इतिहासाच्या साधनांत जमा झाल्या आहेत. रत्नागिरीजवळच्या पानवल नदीवरील उंच पुलाच्या फिती या बाबतीत विशेष मोलाच्या आहेत. (नामसादृश्यामुळे हा पूल पनवेलचा समजला जातो, तो तसा नाही.) कलाकृती म्हणून सामान्य असलेली वस्तू साधन म्हणून अमूल्य असू शकते. सावेदादा भाटवडेकरांच्या आरंभीच्या वास्तवचित्रांविषयी आज जे कुतूहल आहे ते त्यांच्या रचनेपायी नाही. मात्र असे मोल येण्यासाठी फितीवर तारीख, स्थळ आणि गाडीचा क्रमांक यांची नोंद असावी लागते. मागाहून चढविलेल्या संगीतात मूळ आवाज बुडवून टाकणाऱ्या फितीचे साधनमूल्यही निम्मे होते.

रुळांत उतरून चित्रण करण्याची जी प्रवृत्ती अलीकडे वाढली आहे, तिचा विचार केवळ कायद्याचा नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा आहेच. परंतु रुळांत उभा राहिलेला कॅमेरा जी प्रतिमा मिळवितो, ती १८९६ सालच्या प्रेक्षकांना खुर्चीत बसूनच मिळाली होती. सव्वाशे वर्षांनंतर तीच मिळविण्यासाठी जीव धोक्यात घालणे हे रसिकतेचेही दारिद्र्य आहे, आणि चालकाला अकारण भोंगा व ब्रेक यांच्या पेचात पाडणारे आहे.

पनवेलहून निघालेला चित्रणकार कर्नाळ्याची खिंड ओलांडतो, खारपाड्याचा पूल मागे टाकतो आणि जित्याच्या पुढे एखाद्या फाटकाशी पुन्हा कॅमेरा रोखून उभा राहतो. गाडी येते, तुषार उडतात, चित्र मिळते. मधल्या अर्ध्या तासात रसायनी-आपट्याच्या वळशावर पावसात कोण चालत होते आणि गाडी कोणाच्या दिव्याकडे पाहून पुढे आली, ते त्याच्या फितीत नसते. तो भाग संकलनात एका कापाने जोडलेला असतो.